मुक्त आज्ञावली आणि तिचे राखणदार

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील कपाटे आवरताना प्रस्तुत लेखकाच्या हाती जुन्या सीडींचा एक गठ्ठा आला. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरांत वर्ष आणि विषय लिहिलेला होता. दुष्काळ निवारणाची कामे, पाझर तलाव, साक्षरता मोहीम अशा विषयांवरील प्रसिद्धिपत्रके त्यांत साठविलेली होती. सीडी सुस्थितीत होत्या आणि संगणकाने त्या उघडल्याही. परंतु पडद्यावर उमटला तो मराठी मजकूर नव्हता. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, टक्क्यांची आणि डॉलरची चिन्हे यांची ती एक सरमिसळ होती. ज्या सॉफ्टवेअरवर तो मजकूर टंकलिखित झाला होता, त्याने रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसविले होते आणि कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा, हा तक्ता त्या सॉफ्टवेअरच्या मालकापाशीच होता. पुढे ते सॉफ्टवेअर वापरातून गेले आणि तक्ताही गेला. कागदाला वाळवी लागली तर निदान डोळ्यांना दिसते. येथे मजकूर शाबूत होता, मात्र तो वाचण्याची सोय उरली नव्हती.

याउलट, आज हातातील साध्या मोबाइलवर ‘आचार्यास नमस्कार केला आणि आचाऱ्यास शिधा दिला’ असे वाक्य लिहून पाहावे. पहिल्या शब्दातील रफार आणि दुसऱ्या शब्दातील अर्धा र यांचे वळण निरनिराळे आहे. ते चुकले तर अध्यापक आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होईल. ‘सूर्य’ लिहिताना र आधी येतो आणि य नंतर, पण रफार चढतो तो य च्या माथ्यावर. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर असते आणि लेखनात त्याच्या आधी. शाळेतील बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेले हे नियम यंत्राला कोणीतरी शिकवावे लागतात. युनिकोड या आंतरराष्ट्रीय मानकाने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, ही झाली अर्धी गोष्ट. ते क्रमांक पाहून अक्षर योग्य वळणाने मांडणे, ही उरलेली अर्धी. अँड्रॉइड मोबाइलवर, फायरफॉक्स आणि क्रोम या न्याहाळकांत, लिबरऑफिससारख्या लेखनसाधनात हे काम ‘हार्फबझ’ नावाची एक आज्ञावली करते. नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. ही आज्ञावली ज्या ओळींनी लिहिली गेली, त्या ओळी कोणालाही वाचता येतात, तपासता येतात, त्यांत दुरुस्तीही सुचविता येते. रेड हॅट कंपनीने खुल्या केलेल्या ‘लोहित’ या टंकांची देखभाल पुण्यातील अभियंत्यांनी कित्येक वर्षे केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘बालू’ हा देवनागरी टंक अशाच खुल्या परवान्याखाली दिला आहे.

अशा सॉफ्टवेअरला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. शासकीय संकेतस्थळे, बँका, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयांच्या नोंदी, यांपैकी कोठेही पाहिले तरी आत खोलवर कोठेतरी असे सॉफ्टवेअर सापडते. ते कोण लिहितात, कोणत्या रीतीने लिहितात आणि लिहून झाल्यावर ते सांभाळतो कोण, हे प्रश्न आता केवळ तज्ज्ञांचे राहिलेले नाहीत. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. संगणकशास्त्राशी त्याचा संबंध कामापुरता आला. तथापि या विषयातील महत्त्वाचा भाग यंत्राचा नसून माणसांच्या वागण्याचा आहे, असे त्याचे मत झाले आहे.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

कोणत्याही आज्ञावलीची दोन रूपे असतात. एक रूप प्रोग्रॅमर लिहितो. त्यात शब्द असतात, अटी असतात, मधूनमधून ‘ही ओळ येथे का आली’ असा खुलासाही असतो. दुसरे रूप यंत्रासाठी. पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात सहज होते. दुसऱ्यावरून पहिले मिळविणे मात्र महाकठीण. बाजारात सॉफ्टवेअर विकत घेतो तेव्हा बहुधा आपल्याला केवळ यंत्ररूप मिळते. ते चालते, पण ते कसे चालते हे कळत नाही आणि त्यात चूक असेल तर ती आपल्याला सुधारता येत नाही.

आपल्याकडील संगीताच्या इतिहासात याला एक समांतर प्रसंग आहे. घराण्यातील अस्सल चिजा शिष्यालाही सहजी मिळत नसत. उस्ताद मैफलीत गात, ऐकणारा तृप्त होई, पण चीज मिळाली असे होत नसे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी अशा चिजा मोठ्या चिकाटीने मिळवून स्वरलेखनासह ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. ‘छापून का कुठे गाणे येते?’ असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि त्यात तथ्यही होते. परंतु छापलेली चीज नष्ट होत नाही आणि तिची तुलना करता येते, हेही तितकेच खरे.

संगणकाच्या आरंभीच्या काळात प्रोग्रॅमर एकमेकांस मूळ लेखन मोकळेपणाने देत असत. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रीची वस्तू झाली तशी ही प्रथा मोडत गेली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना याचा अनुभव आला तो एका मुद्रणयंत्राच्या निमित्ताने. जुन्या यंत्रात कागद अडकला की वाट पाहणाऱ्यास तशी सूचना जाईल, अशी सुधारणा त्यांनी केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले, पण त्याचे मूळ लेखन सोबत आले नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातील ज्या गृहस्थांजवळ ते होते, त्यांनी गुप्ततेच्या करारावर सही केली असल्याने ते देण्यास नकार दिला. गोष्ट क्षुल्लक होती. परंतु सहकाऱ्याला मदत करणे हाच करारभंग ठरावा, ही बाब स्टॉलमन यांच्या मनाला लागली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली, जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली.

त्यांचे खरे कर्तृत्व कायद्याच्या क्षेत्रातील आहे. १९८९ मध्ये त्यांनी ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना प्रसिद्ध केला. लेखकाचा स्वामित्वहक्क सामान्यतः इतरांना रोखण्यासाठी वापरला जातो. स्टॉलमन यांनी तोच हक्क उलटा वापरला. हे सॉफ्टवेअर कोणीही चालवावे, अभ्यासावे, बदलावे, वाटावे. अट एकच. बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्यास देताना हेच सर्व हक्क त्यालाही द्यावयाचे. इंग्रजीत मोकळे आणि मोफत या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे त्यांना आयुष्यभर खुलासे करीत बसावे लागले. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द वेगळे आहेत, ही आपली सोय म्हणावयाची. अर्थात शब्द वेगळे असूनही आपण त्यांची गल्लत करतो ती करतोच.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे संगणकजालावर कळविले आणि सूचना मागविल्या. ही काही मोठी गोष्ट होणार नाही, असेही त्याने नमूद केले होते. सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १९९२ मध्ये ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आली. तीच लिनक्स. तिच्या मूळ लेखनाने आज तीन कोटी ओळी केव्हाच ओलांडल्या आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे आणि अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशीही तीच आहे. ‘मुक्तस्रोत’ हे व्यापाऱ्यांना कमी बिचकविणारे नाव १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविले. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाचे मूळ लेखन खुले करण्याचे जाहीर केले होते. स्टॉलमन यांना हे नाव कधीच रुचले नाही. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

नस्ती कशी फिरते

शासकीय कार्यालयात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना मुक्तस्रोत कामाची पद्धत फारशी अनोळखी वाटणार नाही. तेथे सर्व काही लेखी असते. एखाद्या प्रोग्रॅमरला लिनक्समध्ये दोष आढळला, तर तो दुरुस्तीचा प्रस्ताव तयार करतो. त्याला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. एका ठिगळात एकच बदल असावा, असा दंडक आहे. कोणती ओळ काढली, कोणती घातली हे तर दिसतेच. पण त्यासोबत हा बदल का आवश्यक आहे, हे साध्या गद्यात लिहावे लागते आणि ते गद्य नीट नसेल तर निर्दोष दुरुस्तीही परत येते. २००४ पासून प्रत्येक प्रस्तावाखाली प्रस्तावकाचे नाव आणि ‘हे देण्याचा मला अधिकार आहे’ अशा अर्थाची नोंद असते. त्याआधीच्या वर्षी एका कंपनीने लिनक्समधील काही भागांवर मालकी सांगून दावा लावला होता. कोणती ओळ कोणी आणली याचा लेखी पुरावा हवा, हा धडा त्यातून मिळाला.

हा प्रस्ताव ई-पत्राने संबंधित विभाग सांभाळणाऱ्याकडे जातो. ध्वनीचा विभाग वेगळा, जालजोडणीचा वेगळा. ई-पत्र सर्वांना दिसते, त्यावर कोणीही शेरा मारू शकतो. तीन वेळा, पाच वेळा प्रस्ताव परत येतो. मान्य झाला की सांभाळकर्ता त्याखाली आपलेही नाव घालतो आणि वर पाठवितो. नवी आवृत्ती सुरू झाली की पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारण्याचे. पुढील सात-आठ आठवडे केवळ दोष काढण्याचे. अशा रीतीने नऊ-दहा आठवड्यांत एक आवृत्ती निघते आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे.

आपल्या नस्तीशी साम्य येथे संपते. आपली नस्ती कार्यासनाबाहेरच्या कोणास दिसत नाही. तिकडील नस्ती जगासमोर उघडी असते. प्रस्तावकाचा हुद्दा, वय, पदवी कोणी विचारीत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने नामांकित कंपनीच्या अभियंत्याची चूक दाखविली आणि ती खरी निघाली तर अभियंत्याने ती मान्य करावयाची, असा संकेत आहे. संकेत नेहमी पाळला जातो असे नाही. या मंडळींचे लेखी बोलणे पुष्कळदा फटकळ असते आणि टोरवाल्ड्स हे स्वतः त्याबद्दल कुप्रसिद्ध होते. चारचौघांत, तेही कायमच्या लेखी नोंदीत, अपमान झाल्यावर एखादा नवखा माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या अशा वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे कामातून विश्रांती घेतली आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. सदतीस-अडतीस वर्षांच्या हुद्देबाजीच्या नोकरीनंतरही अशी क्षमा लेखी मागणारे आपल्याकडे किती असतील, हा प्रश्न येथे सहज मनात येऊन गेला.

नस्ती हरवण्याचा प्रश्नही या लोकांनी सोडविला आहे. त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. २००२ पासून लिनक्सचे बदल नोंदविण्यासाठी ‘बिटकीपर’ हे खासगी मालकीचे साधन विनामूल्य वापरले जात होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या कामास बंदिस्त साधन कशाला, अशी कुरबूर तेव्हाही होती. एप्रिल २००५ मध्ये ती विनामूल्य सवलत बंद झाली. टोरवाल्ड्स यांनी इतर काम थांबविले आणि त्याच महिन्यात, अवघ्या काही दिवसांत, ‘गिट’ हे नवे साधन उभे केले. त्याची रचना अशी की, काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ पहिल्या दिवसापासूनचा संपूर्ण इतिहास असतो. जुन्या नोंदीत कोणी एक अक्षर बदलले तरी पुढील सर्व नोंदींच्या खुणा जुळेनाशा होतात. त्यामुळे नस्तीतील कागद गुपचूप बदलता येत नाही. जुलै २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी गिटची धुरा जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविली आणि तेव्हापासून हमानो यांनी ती सांभाळली आहे. मूळ कर्त्याचे नाव जगाला ठाऊक असते. सांभाळणाऱ्याचे नाव त्या क्षेत्राबाहेर क्वचितच कोणाला माहीत असते.

पाहणारे किती?

मूळ लेखन उघडे असले आणि पाहणारे पुष्कळ असले म्हणजे दोष लपून राहत नाही, हा या संस्कृतीचा मूलभूत विश्वास आहे. लिनक्सच्या बाबतीत तो बव्हंशी खरा ठरला. परंतु लिनक्सवर काम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. हौशी स्वयंसेवकांचे चित्र तेथे जुने झाले आहे. ते अजून खरे आहे ते लहान लहान आज्ञावलींच्या बाबतीत. कोणी मजकूर दाबून लहान करते, कोणी तारखा जुळविते, कोणी नोंदवही ठेवते. मोठ्या इमारतीत बिजागरी आणि खिळे असतात, तशा या आज्ञावली सर्वत्र असतात आणि कोणाच्या लक्षात नसतात. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने वादातून आपली अवघ्या अकरा ओळींची आज्ञावली सार्वजनिक भांडारातून काढून घेतली, तेव्हा तिच्यावर नकळत विसंबलेली हजारो कामे जगभर अडली. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे, एवढेच तिचे काम होते.

त्याहून गंभीर प्रकार एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. बँकेच्या संकेतस्थळाशी आपले बोलणे तिसऱ्याला कळू नये म्हणून जी सांकेतिक व्यवस्था असते, ती पुष्कळ ठिकाणी ‘ओपनएसएसएल’ ही मुक्त आज्ञावली पुरविते. जोडणी जिवंत आहे ना हे तपासण्यासाठी एक बाजू काही अक्षरे पाठविते आणि दुसरी तीच परत करते, अशी त्यात सोय होती. पाठविलेली अक्षरे खरोखर किती आहेत, हे मोजून पाहण्याची ओळ मात्र लिहावयाची राहून गेली होती. एखाद्याने चार अक्षरे पाठवून ‘माझी चौसष्ट हजार अक्षरे परत करा’ असे म्हटले, तर यंत्र स्वतःच्या स्मृतीतील पुढचा सारा मजकूर, त्यात इतरांचे परवलीचे शब्दही आले, निमूटपणे देऊन टाकी. ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखला जाणारा हा दोष दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडा पडून होता. त्यानंतर बाहेर आले ते असे की, जगातील व्यापाराचा एवढा भार वाहणाऱ्या या आज्ञावलीवर पूर्ण वेळ काम करणारा एकच मनुष्य होता आणि तिला मिळणाऱ्या देणग्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर इतक्याच होत्या.

आपल्या खेड्यांत इर्जिकीची रीत होती. एकाच्या शेतातील काम निघाले की गावातील मंडळी बैल-औते घेऊन जात. मजुरी घ्यावयाची नाही, पण त्या दिवशीचे जेवण शेतधन्याने घालावयाचे. पुढे त्यानेही दुसऱ्याच्या शेतात जावयाचे. मुक्त सॉफ्टवेअरला इर्जिकीची उपमा अनेकदा दिली जाते. हार्टब्लीडच्या वेळी दिसले ते वेगळेच होते. शेत सर्वांचे, पीक सर्वांनी नेलेले आणि नांगरावर एक माणूस उपाशी.

त्या घटनेनंतर लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेऊन बड्या कंपन्यांकडून निधी उभारला. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या नोंदी ठेवणाऱ्या आज्ञावलीत तितकाच घातक दोष निघाला. तीही स्वयंसेवकांनी सांभाळलेली होती. सरकारांचे लक्ष तेव्हा कोठे वेधले गेले. जर्मनीने २०२२ मध्ये ‘सॉव्हरिन टेक फंड’ स्थापन करून अशा पायाभूत आज्ञावली सांभाळणाऱ्यांना सरकारी पैशातून मोबदला देण्यास आरंभ केला. रस्ता बांधणाऱ्याबरोबर रस्ता दुरुस्त ठेवणाऱ्यालाही तरतूद लागते, हे बांधकाम खात्यातील कनिष्ठ अभियंताही सांगेल. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते समजण्यास तीस वर्षे लागली. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या कामांत त्यास प्राधान्य द्यावे आणि ते वगळावयाचे झाल्यास कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. धोरण स्वागतार्ह आहे. मात्र ‘प्राधान्य’ या शब्दाचा अर्थ ‘परवान्याचा खर्च वाचला’ एवढाच घेतला जाण्याची भीती असते. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका बैठकीत तो तसाच घेतला गेला होता. वाचलेल्या रकमेचा काही अंश दोष कळविण्यासाठी, दुरुस्ती करून परत देण्यासाठी, निदान एक जाणता माणूस नेमण्यासाठी ठेवावा, हा विषय तेथे कोणी काढला नाही. खुद्द लेखकानेही काढला नाही.

अर्ध्या सेकंदाचा संशय

हे सर्व विवेचन ज्या घटनेमुळे सुचले ती २०२४ सालची आहे. ‘एक्सझेड’ ही मजकूर दाबून लहान करणारी आज्ञावली बहुतेक लिनक्स संगणकांवर असते. फिनलंडचे लासे कॉलिन हे तिचे कर्ते आणि कित्येक वर्षे एकटे सांभाळणारेही. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणारी एक व्यक्ती त्यांना लहानसहान दुरुस्त्या पाठवू लागली. दुरुस्त्या चांगल्या होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात आणखी काही अपरिचित नावांनी तक्रारी सुरू केल्या. काम फार रेंगाळते आहे, सांभाळकर्त्यास रस उरलेला नाही, दुसऱ्या कोणाला तरी नेमा, असा त्यांचा सूर होता. कॉलिन यांनी उत्तरात आपल्या अडचणी सांगितल्या आणि हे विनावेतन हौसेने चालविलेले काम आहे, याची आठवण दिली. सूर नरमला नाही. थकलेल्या माणसाने जे करावे तेच त्यांनी केले. समोर मदतीला तयार असलेल्या, विनयाने वागणाऱ्या, काम करून दाखविणाऱ्या टॅनकडे हळूहळू अधिकार दिले. त्या तक्रारी करणारी नावे पुढे कोठेही आढळली नाहीत. ती सर्व बनावट असावीत, असाच निष्कर्ष तपासणाऱ्यांनी काढला आहे.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये टॅनने ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्यांत एक चोरदरवाजा होता. दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेश देणाऱ्या ‘एसएसएच’ या व्यवस्थेत तो उघडत असे. ज्याच्याजवळ विशिष्ट किल्ली असेल त्याला त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालविता आली असती. ही लबाडी कोठे लपविली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चाचणीसाठी मुद्दाम बिघडविलेल्या धारिका अशा प्रकल्पांत असतात. त्या मनुष्याला वाचता येण्याजोग्या नसतातच, म्हणून कोणी वाचीत नाही. घातक भाग त्यांत दडविलेला होता. तो बाहेर काढून जोडणारी ओळ गिटच्या सार्वजनिक नोंदीत नव्हतीच. वापरणाऱ्यांसाठी जो तयार गठ्ठा बांधून ठेवतात, केवळ त्यात ती घातली होती. नस्ती निष्कलंक होती. निर्गमित झालेले पत्र वेगळे होते.

हे ज्यांनी पकडले ते आंद्रेस फ्रॉइंड सुरक्षेचे अधिकारी नव्हते. ते मायक्रोसॉफ्ट कंपनीत अभियंता आणि ‘पोस्टग्रेस’ या मुक्त माहितीसाठा-प्रणालीचे एक लेखक. डेबियन प्रणालीच्या चाचणी अवस्थेतील आवृत्तीवर ते आपल्या कामाचा वेग मोजत होते. मोजणी अचूक यावी म्हणून संगणक शांत हवा होता आणि एसएसएच उगाच श्रम करताना दिसत होते. पूर्वी साधारण तीन दशांश सेकंदात संपणारा प्रवेश आता आठ दशांश सेकंद घेत होता. फरक अर्ध्या सेकंदाचा. काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका चाचणीत एक्सझेडबाबत आलेली एक विचित्र तक्रारही त्यांना आठवली. बहुतेकांनी दोन्ही गोष्टी सोडून दिल्या असत्या. फ्रॉइंड मूळ लेखनात शिरले, तयार गठ्ठा आणि सार्वजनिक नोंद यांची तुलना केली आणि २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, आपले निष्कर्ष जाहीर केले. तोवर सदोष आवृत्ती चाचणीच्या टप्प्यातील काही प्रणालींपर्यंत पोहोचली होती. जगभरच्या कार्यालयांतील नेहमीच्या, स्थिर आवृत्त्यांत ती शिरावयाची होती. काही महिन्यांचा अवकाश होता.

ही घटना मुक्तस्रोताच्या बाजूने सांगावी की विरुद्ध, यावर पुष्कळ वाद झाला. मूळ लेखन उघडे होते म्हणून फ्रॉइंड तेथपर्यंत जाऊ शकले. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये त्यांना अर्धा सेकंद मोजून तेवढ्यावर थांबावे लागले असते. ही बाजू लेखकास अधिक पटते. परंतु उघडेपणामुळे चोर अडला नव्हता, हेही नाकारता येत नाही. त्याने दोष शोधला तो आज्ञावलीत नव्हे. एका माणसाच्या एकटेपणात त्याला तो सापडला.

टॅन या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही. कॉलिन त्या दिवसांत जालापासून दूर, सुटीवर होते. परतल्यावर त्यांनी टॅनचे सर्व अधिकार काढून घेतले आणि घडल्या प्रकाराची थोडक्यात माहिती देणारे एक पान स्वतःच्या संकेतस्थळावर लावले. त्यानंतर दोन महिने ते मागील नोंदी एकेक करून तपासत राहिले. २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती त्यांनी प्रसिद्ध केली.